हळदीचे चार भाग

आमच्या घरांत लहानमोठीं चौदा माणसें जेवतात, आणि या चौदा माणसांच्या स्वयंपाकाची हळद गेलीं कित्येक वर्षें एकाच ठिकाणाहून येत आली. तें ठिकाण म्हणजे आमच्या कैलासवासी धाकट्या बंधूंच्या चिरंजीवाचें किराणा दुकान. दुकान घरचेंच, तेव्हां डब्यांत काय येतें हें पाहण्याचें कोणास कधीं कारण पडलें नाहीं.

आमचा हिंगोली जिल्हा हळदीचा आहे. १ मे १९९९ रोजीं परभणी जिल्ह्यांतून तो निराळा काढण्यांत आला. माघ-फाल्गुनांत वसमत किंवा कळमनुरीच्या रस्त्यानें जाऊं लागलें कीं शिजणाऱ्या हळदीचा वास कोसभर साथ करतो. हिंगोलीस संत नामदेवांच्या नांवाचें मार्केट यार्ड आहे; हंगामांत तेथें हळदीच्या गाड्यांची रांग लागते. वसमतच्या हळदीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तेव्हां आम्हींही तें चार ठिकाणीं अभिमानानें सांगितलें होतें. अशा जिल्ह्यांत राहून आमच्या घरीं बाहेरगांवची हळद येत होती, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. आणि ती कां येत होती हें कळल्यावर दोष एकट्या दुकानदारावर ढकलण्यास जीभ रेटेना.

गेल्या मार्गशीर्षांतील गोष्ट. दुपारची निजानीज झाली होती. पुतण्या दुकान नोकरावर टाकून घरीं आला आणि ओसरीवर आमच्यापुढें उभा राहिला. चेहरा उतरलेला. अन्न व औषध प्रशासनाचे अन्नसुरक्षा अधिकारी दुकानीं आले होते. त्यांनीं हळकुंडांच्या पोत्यांतून नमुना घेतला, कागद केले, सही घेतली आणि ते निघून गेले. वास्तविक ते गांवांत शिरल्याची वर्दी त्यास शेजारच्या दुकानदाराकडून फोनवर आधींच मिळाली होती. अशी वर्दी आमच्या पेठेंत नेहमींच फिरते, आणि तिच्यामागोमाग निम्मीं दुकानें बंद होतात. कोणाच्या घरीं लग्न निघतें, कोणाची आई आजारी पडते. पुतण्यानें मात्र दुकान बंद केलें नाहीं. आपल्या मालांत कांहीं वावगें असेल असें त्याच्या स्वप्नींही नव्हतें. हें त्याच्या बाजूचें म्हणून आम्ही मुद्दाम येथें नमूद करतों.

"काका," तो म्हणाला, "ते अधिकारी तुमचे विद्यार्थी आहेत. तुमचें नांव सांगतांच त्यांनीं हात जोडले. तुम्हीं एक शब्द टाकलात तर नमुना पुढें जाणार नाहीं."

त्याची आई माजघराच्या उंबऱ्याशीं येऊन उभी राहिली होती. "अण्णा, पोराच्या अब्रूचा प्रश्न आहे," एवढेंच ती म्हणाली. आमच्या सौ. तांदूळ निवडीत होत्या. त्यांनीं मान वर केली नाहीं.

चौतीस वर्षें आम्हीं मास्तरकी केली. परीक्षेच्या दिवसांत कोणी पालक नारळ घेऊन 'शब्द टाकावयास' आला तर त्यास पायरीवरूनच परत पाठवीत असूं, आणि त्याचा आम्हांस थोडा गर्वही होता. तेच आम्ही दुसऱ्या दिवशीं सकाळीं धुवट कपडे घालून हिंगोलीच्या एस. टी.त बसलों. रस्ताभर मनाशीं वाक्यें जुळवीत होतों. मुलगा सरळ आहे; वडिलांच्या माघारीं संसार सांभाळतो; एक वेळ समज देऊन सोडावें. वाक्यें चांगलीं जुळत होतीं. आपल्या माणसासाठीं जुळवलेलीं वाक्यें नेहमींच चांगलीं जुळतात.

कचेरींत तो आम्हांस पाहतांच उभा राहिला आणि त्यानें आपली खुर्ची पुढें केली. त्यास 'तूं' म्हणावें कीं 'तुम्ही', येथूनच आमची पंचाईत. वर्गांत तो तिसऱ्या बांकावर बसे. शब्दरूपें मुखोद्गत, परंतु संधि सोडवतांना हटकून अडखळे. शेवटीं आम्हीं 'तूं'च म्हटलें, आणि जुळवून आणलेलें सारें एका दमांत बोलून टाकलें. त्यानें मधें तोंड घातलें नाहीं. आमचें संपल्यावर तो म्हणाला, "गुरुजी, त्या नमुन्याचे चार भाग केले आहेत."

पुढें त्यानें जें सांगितलें तें आम्हांस नवें होतें. वाचकांपैकीं पुष्कळांसही नवें असेल, म्हणून जरा विस्तारानें देतों. अधिकारी जो माल नमुना म्हणून उचलतो त्याची किंमत तो दुकानदारास देतो. फुकट नेत नाहीं. त्या मालाचे दुकानदारादेखत चार भाग करून ते मोहोरबंद होतात, व त्यांवर दुकानदाराची सही घेतात. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, आणि त्यानें चौदा दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो. दोन भाग वरिष्ठ अधिकाऱ्याच्या ताब्यांत राखून ठेवतात. अहवाल प्रतिकूल आला आणि दुकानदारास तो मान्य नसला तर तीस दिवसांत अपील करतां येतें. मग राखलेल्या भागांतील एक वरच्या प्रयोगशाळेकडे जातो. राहिला चौथा भाग. तो जणूं दुकानदाराच्याच हक्काचा. त्यानें तशी मागणी केली तर तो दुसऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेंत पाठवतात. २००६ सालच्या अन्नसुरक्षा कायद्यानें ही तजवीज करून ठेविली आहे. त्यापूर्वीं १९५४ च्या भेसळ-प्रतिबंधक कायद्यांत तीन भाग होत असत. चौथा मागाहून आला.

"आपल्या पुतण्यानें चौथ्या भागाची मागणी केली नाहीं," तो शांतपणें म्हणाला. "त्यांनीं फक्त आपलें नांव सांगितलें."

आम्हांस खालीं पाहण्यावांचून गत्यंतर नव्हतें. प्रामाणिक दुकानदाराच्या बाजूनें जें म्हणून बोलतां येईल तें कायदा करणारानें आधींच चौथ्या पुडक्यांत बांधून ठेविलें होतें. आमच्या शब्दाला तेथें जागाच नव्हती. कारण तो शब्द खरेपणासाठीं नव्हे, तर तपासणी होऊं नये म्हणून होता.

मग त्यानें खरेदीच्या बिलाविषयीं विचारलें. घाऊक विकणारानें किरकोळ विकणारास मालाच्या शुद्धतेची लेखी हमी द्यावी असा नियम आहे, आणि साधें बिल हीच ती हमी धरली जाते. बिल असलें म्हणजे तपासाचा धागा दुकानांतून घाऊक पेठेंत, आणि तेथून जेथें खरी लबाडी झाली त्या कारखान्यापर्यंत जाऊं शकतो. बिल नसलें म्हणजे तो धागा पुतण्याच्या तराजूशींच तुटतो. आमच्या चिरंजीवांपाशीं बिल नव्हतें. एका परगांवच्या दलालाकडून किलोमागें कांहीं रुपये स्वस्त म्हणून त्यांनीं माल घेतला होता, आणि पुरावा काय, तर बिननांवाची, पेन्सिलीनें आंकडे मांडलेली कच्ची चिठ्ठी.

तरीही आमची खुमखुमी पुरती गेली नव्हती. आम्हीं म्हटलें, "अरे, पण हळदींत असें काय मोठें असणार? फार तर थोडा रंग, फार तर पिठी."

त्यानें कपाटांतून दोन हळकुंडें काढून टेबलावर ठेविलीं. एक मातकट, गेरूकडे झुकणारें, सुरकुतलेलें. दुसरें लखलखीत पिवळें, गुळगुळीत. जणूं नवरीच्या ताटांत ठेवण्यासाठींच घडवलेलें. आमचा हात आपोआप दुसऱ्याकडे गेला. तें त्याच्या नजरेंतून सुटलें नाहीं.

हळद शेतांतून खणून काढल्यावर शिजवतात, दहापंधरा दिवस उन्हांत वाळवतात, आणि मग पिंपांत घालून गरगर फिरवतात. त्या घर्षणानें वरची साल निघून हळकुंड साफ होतें. यास पॉलिश म्हणतात, व त्यांत गैर कांहीं नाहीं. गैर होतें तें त्याच वेळीं पिंपांत पिवळी पूड टाकल्यानें. त्या पुडीस लेड क्रोमेट म्हणतात. रंगारी तिला क्रोम यलो म्हणून ओळखतात. रस्त्यावरचे पिवळे पट्टे, यंत्रांचे रंग, प्लास्टिकच्या वस्तु यांसाठीं तिचा उपयोग होत आला. तिच्या वजनांत शेंकडा सुमारें ६४ भाग नुसतें शिसें असतें. चिमूटभर पूड पोतेंभर हळकुंडांना मुलामा देते. किडीचीं भोंकें बुजतात, काळे डाग झाकतात, जुना माल नवा दिसतो. हळदींत लेड क्रोमेट मुळींच असूं नये असा आपला स्पष्ट नियम आहे.

शिसें शरीरांत गेलें तर लगेच कांहीं होत नाहीं, आणि हेंच त्याचें खरें कपट आहे. उलटी नाहीं, ताप नाहीं. तें हाडांत जाऊन बसतें. मोठ्या माणसांत रक्तदाब वाढवतें, मूत्रपिंडें बिघडवतें. गर्भिणीच्या हाडांतून निघून गर्भापर्यंत पोंचतें. आणि लहान मुलांच्या वाढत्या मेंदूस धक्का देतें तो पुढें भरून निघत नाहीं. अमुक इतकें शिसें निर्धोक, असें म्हणण्यासारखी मर्यादाच शास्त्रज्ञांस सांपडलेली नाहीं. चौतीस वर्षांत 'या मुलाचें डोकेंच चालत नाहीं' असें म्हणून आम्हीं किती मुलांना मागच्या बांकावर बसवलें असेल, हा विचार त्या खुर्चींत बसून आमच्या मनांत आला. त्यांतील कोणाच्या डोक्यास काय झालें होतें कोण जाणे.

निघतांना त्यानें विचारलें, "गुरुजी, घरांत लहान मूल आहे का?" पुतण्याची धाकटी कन्या चार वर्षांची आहे. "मग तिचें रक्त तपासून घ्या," तो म्हणाला, आणि आमच्या हातांत एक छापील टिपण दिलें.

परतीच्या गाडींत आम्हांस कौटिल्याची आठवण झाली. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं अर्थशास्त्र छापून प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून त्यांतील राजकारणाची चर्चा पुष्कळ झाली; पण आम्हांस त्यांतील 'कण्टकशोधन' हें अधिकरण नेहमींच अधिक प्रिय. कण्टक म्हणजे समाजाच्या पायांत मोडणारे कांटे. बाजारावर देखरेख करण्यास तेथें संस्थाध्यक्ष म्हणून अधिकारी नेमलेला आहे, आणि धान्य, तेल, क्षार, मीठ, सुगंधी द्रव्यें व औषधें यांत त्याच वर्णाचें दुसरें द्रव्य मिसळणारास बारा पणांचा दंड सांगितला आहे. 'समवर्ण' असा तेथें शब्द आहे. हा समास आम्हीं किती वेळां सोडवला असेल. पण समवर्ण म्हणजे हळदीच्याच रंगाचें शिसें, हा अर्थ आमच्या माजघरांतील डब्यापर्यंत कधीं पोंचला नव्हता. याज्ञवल्क्यानें पुढें असल्याच अपराधास सोळा पण सांगितले. म्हणजे मधल्या काळांत दंड चार पणांनीं वाढला, परंतु भेसळ करणारा कांहीं नाहींसा झाला नाहीं. दंड ग्रंथांत असून भागत नाहीं. संस्थाध्यक्षानें पेठेंत उतरावें लागतें. आणि त्याचे गुरुजी आदल्या दिवशींच्या नमुन्याकरितां शब्द टाकावयास येऊं नयेत, हेंही लागतेंच.

घरीं आल्यावर तें टिपण वाचलें. तें बांगला देशांतील हळदीसंबंधीं होतें. तेथें १९८० नंतरच्या दशकांत एका महापुरानें हळद भिजून काळवंडली, आणि ती खपावी म्हणून व्यापाऱ्यांनीं तिला पिवळी पूड चोळण्यास आरंभ केला. पूर ओसरला, पण गिऱ्हाइकाच्या डोळ्यांस लागलेली चटक ओसरली नाहीं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या व ढाक्याच्या संशोधकांनीं गरोदर स्त्रियांच्या रक्तांतील शिशाचा माग काढीत काढीत तो हळदीपर्यंत आणला आणि २०१९ सालीं तें प्रसिद्ध केलें. त्या वर्षीं तेथील बाजारांतून घेतलेल्या नमुन्यांपैकीं शेंकडा ४७ नमुन्यांत शिसें निघालें. मग सरकारी अधिकारी ढाक्याच्या श्यामबाजारांत, म्हणजे थेट घाऊक पेठेंत, उतरले. त्यांच्यापाशीं हातांत धरण्याचें एक क्ष-किरण यंत्र होतें; तें हळकुंडावर टेकलें कीं शिसें आहे कीं नाहीं तें तेथल्या तेथें कळे. दोन व्यापाऱ्यांस मिळून आठ लाख टका दंड झाला, सुमारें नऊशें किलो हळद जप्त झाली, आणि हें सारें दूरचित्रवाणीनें देशभर दाखवलें. पुढच्या वर्षीं शिसें असलेले नमुने शेंकडा ५ वर आले, आणि २०२१ सालीं एकही सांपडला नाहीं. गिरण्यांत काम करणाऱ्या मजुरांच्या रक्तांतील शिसेंही उतरलें. दोन माणसांस दंड झाला, आणि सगळ्या देशाच्या हळदीचा रंग पालटला.

हा बांगला देशाचा प्रश्न, आपण काय त्याचें, असें म्हणण्याची सोय टिपणाच्या दुसऱ्या पानानें ठेविली नाहीं. भारत, पाकिस्तान, नेपाळ व श्रीलंका या देशांतील २३ नगरांतून २०२० च्या डिसेंबरपासून २०२१ च्या मार्चपर्यंत हळदीचे ३५६ नमुने घेतले होते; त्यांतील शेंकडा १४ नमुन्यांत लक्षांत घेण्याजोगें शिसें निघालें. आपल्या नियमाप्रमाणें एक ग्रॅम हळदींत शिशाचे १० मायक्रोग्रॅमपेक्षां अधिक चालत नाहींत. पाटण्याच्या एका नमुन्यांत ते दोन हजारांहून अधिक होते.

पुतण्याच्या नमुन्याचा अहवाल मुदतींत आला. प्रतिकूल. दुकानांतील राहिलेला माल जप्त झाला. कच्ची चिठ्ठी देणारा दलाल फोन उचलीत नाहीं. प्रकरण अद्याप चालू असल्यानें त्याविषयीं अधिक लिहिणें बरें नव्हे. पुतण्यानें अपील केलें नाहीं, हें मात्र लिहितों. तो रात्रीं आमच्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "काका, हीच हळद मी दुधांत घालून पोरीला पाजली. खोकला झाला कीं आपणच पाजतों ना?" यावर आम्हांस कांहीं बोलतां आलें नाहीं.

मुलीच्या रक्ताचा नमुना नांदेडास देऊन आलों. शंभर मिलिलिटर रक्तांत ७ मायक्रोग्रॅम शिसें निघालें. पांच किंवा त्याहून अधिक निघाल्यास तें कोठून येतें याचा शोध करून तें बंद करावें, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. डॉक्टरांनीं औषध दिलें नाहीं. एवढ्याशा प्रमाणास औषध नसतें. मूळ बंद करावयाचें, पोटांत लोह व कॅल्शियम जाईल असें पाहावयाचें, आणि वाट पाहावयाची.

आतां आमच्या स्वतःच्या अपराधाचें. तीन वर्षांपूर्वीं कळमनुरीकडील एका जुन्या विद्यार्थ्यानें आपल्या शेतांतील पांच किलो हळकुंडें पिशवीभरून आणून दिलीं होतीं. तीं त्या टेबलावरच्या पहिल्या हळकुंडासारखीं होतीं, मातकट. घरांतील बायकांनीं नाक मुरडलें असें लिहिण्याचा मोह होतो, पण तें खरें नव्हे. नाक आम्हींच मुरडलें. हळद कशी सोन्यासारखी हवी, असें म्हणून आम्हीं अमरकोशाचा दाखला दिला. तेथें हळदीचें एक नांव 'काञ्चनी' असें आहे, हें सर्वांस ऐकवलें, आणि ती पिशवी कामवाल्या बाईस देऊन टाकली. पुतण्या तेव्हां तेथेंच बसला होता. गिऱ्हाइकास काय हवें असतें तें त्यास दुकानांत कळलें तसें घरींही कळलें. त्यानंतरच्याच हंगामांत त्यानें त्या दलालाचा माल प्रथम आणला, हें आम्हांस आतां कळतें.

ज्या गृहिणी आख्खीं हळकुंडें आणून घरीं दळवितात त्यांनीं एक हळकुंड कांचेच्या पेल्यांत स्वच्छ पाण्यांत टाकून पाहावें. शुद्ध हळकुंड सहसा पाण्यास रंग देत नाहीं. पूड चोळलेलें लगेच रंग सोडूं लागतें. अर्थात् यानें ठळक लबाडी तेवढी उघडी पडते. थोडक्या शिशाचा पत्ता प्रयोगशाळेंतच लागतो. कोणाही गिऱ्हाइकास, विकणारास तसें कळवून व शुल्क भरून, विकत घेतलेला जिन्नस अन्न विश्लेषकाकडून तपासून घेतां येतो, अशी सोय त्याच कायद्यांत आहे. आमच्या गांवांत तिचा उपयोग कोणी केल्याचें ऐकिवांत नाहीं. नमुना घेणारा आपल्या दाराशीं दिवाळीच्या तोंडावरच येतो, व तोही खव्यासाठीं, अशी आपली समजूत असते. वर्षभर तो कोठें असतो हें आपण विचारीत नाहीं. एका अधिकाऱ्याकडे किती गांवांचीं दुकानें असतात हेंही आपण विचारीत नाहीं.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवास आमच्या घरच्या ताटांत कळमनुरीची मातकट हळद होती. मीच जाऊन ती मागून आणली, असें लिहिलें असतें तर बरें दिसलें असतें. पण ती आमच्या सौ.नीं आणली. त्या कामवाल्या बाईकडे गेल्या, तीन वर्षांपूर्वींची पिशवी कोणी दिली होती त्याचें नांव तिच्याकडून काढलें, आणि आम्हांस न सांगतां त्या विद्यार्थ्यास निरोप धाडला. आलेल्या बायकांपैकीं दोघीतिघींनीं हळद फिकी दिसते असें म्हटलें. पुतण्याच्या आईनें प्रत्येकीस तें सारें प्रकरण, दुकानाच्या नांवासकट, सांगितलें. आम्ही पडवींत बसून ऐकत होतों.

पुतण्या आतां बिलाशिवाय पोतें उतरूं देत नाहीं. पहिल्या महिन्यांत दोघां दलालांनीं त्याचें दुकान सोडलें. मुलीच्या रक्ताची दुसरी तपासणी पुढील महिन्यांत आहे.